गरम पद्मिनी उठत नाही: टायमिंग, करंट आणि उकळलेलं पेट्रोल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, इंजिन मूळचंच, सीबी पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर) चालणारी. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला उठते. मुंबईहून निघून कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलात की पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, पण गाडी उठत नाही. तासाभराने काहीही न करता सुरू होते. मेस्त्रींनी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) आणि कंडेन्सर (पॉइंटवर ठिणग्या उडू देत नाही तो) नवे टाकले, डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) फिरवून कानाने टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावून दिलं. तेव्हापासून पिकअप सुधारलाय, पण चढावर इंजिनात टकटक वाजतं, आणि गरम असताना सेल्फ अडखळत फिरतो, एखाद्या वेळी उलटा झटका देतो. टायमिंग किती अंशांवर ठेवायचं आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते इथे दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. इगतपुरीला गाडी न उठणं ही जुनी तक्रार. ती टायमिंगला हात लावण्याआधीही होती. टकटक आणि सेल्फचं अडखळणं ही नवी, आणि ती डिस्ट्रिब्यूटर फिरवल्यामुळे आलेली आहे. पहिलीचं कारण न शोधता दुसरी ओढवून घेतली गेली. म्हणून आकडा विचारण्याआधी एवढं ठरवा की डिस्ट्रिब्यूटरचा क्लॅम्प सगळ्यात शेवटी सैल करायचा. त्याच्या आधीची सगळी तपासणी गाडी गरम असताना, ती उठत नसते त्याच मिनिटाला करायची आहे. गॅरेजला टोचन करून नेईपर्यंत गाडी थंड होते, आणि थंड गाडीत काहीच सापडत नाही. मग अंदाजाने कॉइल बदलली जाते.

पूर्वी मुंबईत कुठल्याही टॅक्सी स्टँडवर हे काम डोळे मिटून करणारा एक तरी माणूस भेटायचा. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट निघायला लागली, पुढे तिचीच पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली आणि तो माणूसही पांगला. त्यामुळे आता मीटर, फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या) आणि बारा व्होल्टचा एक बल्ब डिकीत ठेवून मालकालाच थोडं शिकून घ्यावं लागतं.

सेल्फ अडखळण्यापासून सुरुवात करू, कारण त्याचा निकाल दोन मिनिटांत लागतो. गाडी गरम आहे, सेल्फ जड फिरतोय. कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरच्या मधोमध जाणारी जाड वायर कॅपमधून काढा आणि तिचं टोक इंजिनच्या मोकळ्या धातूला पक्कं टेकवून ठेवा, म्हणजे ठिणगी सिलिंडरपर्यंत पोचणार नाही. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. इंजिन मोकळेपणाने गरागरा फिरलं, तर सेल्फ आणि बॅटरी निर्दोष आहेत. ठिणगी वेळेआधी पडतेय, पिस्टन वर येत असतानाच आतलं मिश्रण पेटून त्याला खाली ढकलतंय, आणि सेल्फ त्या दाबाशी झगडतोय. थंड इंजिनात हे जाणवत नाही, कारण थंड मिश्रण नीट वाफ झालेलं नसतं आणि हळू पेटतं. गरम झाल्यावर तेच मिश्रण भराभर पेटतं, शिवाय सेल्फची मोटर आणि केबल तापून तिचा वेगही कमी झालेला असतो.

वायर काढल्यावरही सेल्फ तितकाच जड फिरला, तर टायमिंगला दोष देऊ नका. मीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावून सेल्फ मारा. साडेनऊ व्होल्टच्या खाली उतरत असेल तर बॅटरी थकलीय. मग बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरून पुन्हा मारा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. बॉडीवर्क आणि रंगकाम करून आलेल्या गाड्यांत हे फार वेळा सापडतं, कारण पट्टी ताज्या रंगावरच कसून टाकलेली असते. तुमच्या गाडीवर अजून जुना डायनामो असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आयडलवर डायनामो चार्जिंग करत नाही. भिवंडी बायपासला तासभर रखडत, हेडलाइट लावून गेलात, तर घाटात पोचेपर्यंत बॅटरी अर्धी झालेली असते आणि खापर मात्र गरम इंजिनावर फुटतं.

तुमच्या वर्णनावरून माझा कौल सरळ आहे: टायमिंग पुढे गेलंय. कानाने लावलेलं टायमिंग बहुतेक वेळा पुढेच जातं. इंजिन आयडलला, काहीही लोड नसताना, पुस्तकातल्यापेक्षा बऱ्याच जास्त, म्हणजे ठिणगी खूप आधी पाडणाऱ्या, अ‍ॅडव्हान्सवर खूश असतं. डिस्ट्रिब्यूटर फिरवत जाल तसा आरपीएम वाढतो, आवाज गुळगुळीत होतो आणि माणूस तिथेच क्लॅम्प आवळतो. तेच इंजिन चढावर तिसऱ्या गिअरमध्ये भरल्या गाडीचं वजन ओढू लागलं की टकटक सुरू. आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन त्या काळच्या पेट्रोलपेक्षा चांगलाच वरचा आहे आणि पद्मिनीचं कॉम्प्रेशन बेताचं. असं असूनही टकटक येत असेल, तर टायमिंग एक-दोन अंशांनी नव्हे, चांगलंच पुढे गेलेलं असणार. ती टकटक ऐकत घाट चढवू नका. पिस्टनचा माथा आणि रिंगांच्या मधल्या भिंती त्यातच फुटतात.

आता जुन्या तक्रारीकडे. इंजिन चालू असतं तोवर पंखा आणि पाण्याचा पंप उष्णता बाहेर काढत असतात. किल्ली बंद केली की दोन्ही थांबतात, पण हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा ताप तिथेच राहतो. गॅस बंद केल्यावरही जाड बुडाच्या पातेल्यातलं दूध उतू जातं, तसंच. बॉनेटखालचं तापमान गाडी थांबल्यावर दहा ते वीस मिनिटांनी सगळ्यात वर जातं, आणि तुमचा चहा नेमका तेवढ्याच वेळाचा असतो. कार्बोरेटर बसलाय मॅनिफोल्डच्या डोक्यावर आणि पेट्रोल पंप तापलेल्या ब्लॉकला चिकटून. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात.

यातून दोन अगदी उलट प्रकार होऊ शकतात. बाहेरून दोन्हींचं लक्षण एकच दिसतं: सेल्फ फिरतो, गाडी उठत नाही. पहिल्या प्रकारात कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून जेटमधून मॅनिफोल्डमध्ये सांडतं आणि इंजिन ओव्हरफ्लो होतं. दुसऱ्या प्रकारात पंपात किंवा पाइपमध्ये वाफ भरते आणि कार्बोरेटरला पेट्रोलच पोचत नाही, ज्याला आपण सरसकट एअर लॉक म्हणतो. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. पहिल्यात चोक ओढलात तर आणखी बुडवाल.

कुठला प्रकार आहे हे पाहण्याची खात्रीची रीत सांगतो. इगतपुरीला थांबल्या थांबल्या बॉनेट उघडा, एअर फिल्टरचं झाकण काढा आणि टॉर्च घेऊन कार्बोरेटरच्या घशात बघत उभे राहा. आसपास कुणी सिगारेट ओढत असेल तर आधी त्याला लांब पाठवा. सुरुवातीला काही दिसणार नाही. पाच-सात मिनिटांनी वाटीतून बारीक बुडबुड आवाज येऊ लागेल, आणि मधल्या नळीच्या तोंडाशी पेट्रोलचा एक थेंब फुगून खाली थ्रॉटलच्या चकतीवर पडेल. मग दुसरा. कधी कधी थेंबांची धारच लागते आणि घशातून पांढुरकी वाफ वर येते. हे दिसलं की वाद मिटला: पेट्रोल सांडतंय. काहीच दिसलं नाही, तर गाडी उठत नसताना हाताने अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा पूर्ण ओढून बघा. पंप जेटमधून घशात सरळ, जोरदार पिचकारी उडायला हवी. ती उडाली नाही किंवा नुसतं फुसफुसलं, तर वाटी कोरडी आहे.

सांडत असेल तर सुरू करण्याची पद्धत अशी: अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू, एकदाच, तळापर्यंत दाबायचा आणि तसाच धरून ठेवायचा. पाय वर-खाली करायचा नाही, कारण प्रत्येक वेळी पंप जेट आणखी पेट्रोल टाकतो. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारा. भरपूर हवा जाऊन साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. काळा धूर सोडत, लंगडत गाडी उठते. कायमचा इलाज म्हणजे आधी फ्लोटची पातळी आणि वाटीत पेट्रोल सोडणारा नीडल व्हॉल्व्ह तपासणं. पातळी वर ठेवलेली असेल तर उकळण्याचीही गरज नाही, नुसत्या प्रसरणानेच सांडतं. मग कार्बोरेटरच्या बुडाखाली जाड बेकेलाइटचा तुकडा आहे का ते बघा. उष्णता वर चढू नये म्हणून तो असतो. कधीतरी कुणीतरी कार्बोरेटर उतरवताना तो तुटला आणि त्याच्या जागी दोन कागदी पॅकिंग घालून काम भागवलं, अशा पद्मिनी मी बऱ्याच पाहिल्यात. पेट्रोल पंप आणि ब्लॉकच्या मध्येही तसाच तुकडा असतो. त्याची जाडी बदलू नका. पंपाचा दांडा कॅमवर किती दाबला जातो हे त्या जाडीवरच ठरतं.

वाटी कोरडी असेल तर पंपावर ओलं फडकं टाकून पाच मिनिटं थांबा. टॅक्सीवाल्यांचा हा उपाय तेव्हाही चालायचा, आजही चालतो. पंपाला हाताने मारायचा छोटा दांडा असेल तर तो मारून वाटी भरून घ्या. पण एअर लॉकच्या नावाखाली दुसराच एक दोष लपून बसतो, तो आधी वगळा. टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते, पंपाला पेट्रोल ओढवत नाही, गाडी बंद पडते आणि थोड्या वेळाने हवा झिरपली की पुन्हा चालते. लक्षण हुबेहूब तेच. गाडी उठत नसताना टाकीचं झाकण उघडा. सुस्स असा आवाज करत हवा आत गेली तर दोष झाकणात आहे आणि खर्च जवळपास शून्य. पाइपलाही बघा, तो एक्झॉस्टच्या किती जवळून गेलाय ते. मूळचा वळवलेला पाइप काढून सरळ रबरी नळी टाकलेली असेल तर ती हमखास गरम जागेवरून जाते.

हा त्रास अलीकडे वाढलाय अशी तुमची समजूत असेल तर ती बरोबर आहे. आता बहुतेक पंपांवर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल एकटं ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळल्यावर सत्तर अंशांच्या आत वाफ होऊन जाणारा भाग वाढवतं, आणि आपली अडचण नेमकी त्याच टप्प्यातली आहे. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं, जणू हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पातळ मिश्रण हळू जळतं, इंजिन जास्त तापतं. मेन जेट एक नंबर मोठा केला तर बऱ्याच पद्मिनी सुधारतात. प्लगचा रंग बघून ठरवा: पांढराफटक असेल तर पातळ, फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात. त्या बदलणं टाळू नका, गरम इंजिनावर पेट्रोल झिरपणं म्हणजे आगीला आमंत्रण.

टायमिंगचा आणि या उकळण्याचा एक धागा खरोखर जुळतो, पण उलट्या दिशेने. टायमिंग मागे पडलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडू लागली, की मिश्रण पिस्टन खाली जाताना जळतं, उष्णता कामात न येता हेड आणि एक्झॉस्टमध्ये जाते. काटा वर चढतो, गाडी मंद होते आणि थांबल्यावर कार्बोरेटर जास्त तापतो. तुमची गाडी मेस्त्रींकडे जाण्यापूर्वी बहुधा याच अवस्थेत होती. कारण सीबी पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजते तसा गॅप, म्हणजे पॉइंट उघडल्यावरची फट, कमी होतो, आणि गॅप कमी झाला की टायमिंग आपोआप मागे सरकतं, कुणीही काही न फिरवता.

म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर. हा क्रम उलटा झाला की सगळं वाया. जुन्या, झिजलेल्या पॉइंटवर कुणी टायमिंग लावलं आणि पुढच्या महिन्यात नवे पॉइंट टाकून गॅप बरोबर केला, तर टायमिंग लगेच पुढे जातं. चार सिलिंडरच्या गाडीत ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, एका अंशाने कमी झाला की क्रँकवर टायमिंग साधारण एक अंश पुढे जातं. लुकास-टीव्हीएस धाटणीच्या डिस्ट्रिब्यूटरला गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आणि ड्वेल साठ अंशांच्या आसपास असतो. ड्वेल मीटर मिळाला तर फीलर गेजपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा. वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड तयार होतं. गेजची पट्टी टेकाडावर टेकते आणि खरा गॅप जास्तच राहतो.

नवे पॉइंट बसवताना त्यांच्या तोंडावरचा तेलाचा पातळ थर पेट्रोलच्या फडक्याने पुसून टाका. तो राहिला तर जळून काळा होतो आणि करंट अडवतो. टाच जिथे कॅमवर घासते तिथे काडीच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावा. नाही लावलं तर टाच भराभर झिजेल आणि गॅप मिटेल. जास्त लावलं तर उडून पॉइंटवरच बसेल. मग रोटर (कॅपखाली फिरून ठिणगी वाटणारा तुकडा) काढून मधला शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा. पॉइंटचा गॅप डोळ्यांदेखत कमी-जास्त होत असेल तर शाफ्टला धरणारे बुश गेलेत. अशा डिस्ट्रिब्यूटरवर टायमिंग लावणं व्यर्थ आहे, कारण प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वेगळ्या वेळी पडते. आधी बुश टाकून घ्या. लेथवाला चांगला असेल तर हे काम फार महागाचं नाही.

आता टायमिंग लावणं. अंशांचा आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातून आणि डिस्ट्रिब्यूटरवरच्या नंबरवरून घ्या. मी इथे एकच आकडा लिहून देणं धोक्याचं आहे, कारण चाळीस वर्षांच्या गाडीवर मूळचाच डिस्ट्रिब्यूटर असेल असं नाही, आणि वेग वाढेल तसं टायमिंग पुढे नेणारी आतली वजनं-स्प्रिंगा वेगळ्या असल्या की सुरुवातीचा आकडाही बदलतो. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. अंगठा बाहेर ढकलला जाऊ लागला की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पुलीवरची खूण टायमिंग कव्हरच्या खुणेशी आणा. रोटरचं तोंड कॅपमधल्या एक नंबरच्या वायरकडे असायला हवं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

कव्हरवरच्या खुणा गंजून गेल्या असतील तर पुलीचा व्यास मोजा. व्यासाला ३.१४ ने गुणून ३६० ने भागा, म्हणजे एका अंशाला पुलीच्या कडेवर किती मिलिमीटर हे कळतं. १४० मिलिमीटरच्या पुलीवर एक अंश म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटर, दहा अंश म्हणजे सव्वा सेंटिमीटर. पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून ठेवा, पुढे स्ट्रोबलाही (चालत्या इंजिनाचं टायमिंग दाखवणारा लुकलुकता दिवा) उपयोगी पडते.

मग बल्ब. एक वायर कॉइलच्या त्या टर्मिनलला, जिथून पॉइंटकडे वायर जाते, दुसरी इंजिनला. किल्ली चालू करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो, उघडले की पेटतो. इंजिन खुणेवर आणून ठेवलेलंच आहे, आणि आणताना ते नेहमी चालण्याच्याच दिशेने फिरवून आणा, नाहीतर चेनची ढील मध्ये येते आणि दोन-तीन अंश फुकट चुकतात. आता क्लॅम्प सैल करून, बल्ब ज्या क्षणी पेटतो तिथे डिस्ट्रिब्यूटर थांबवा आणि आवळा. आवळल्यावर इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा बघा. आवळताना तो हमखास थोडा सरकतो. हे सगळं करताना किल्ली फार वेळ चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापत राहते.

बल्बवर लावलेलं टायमिंग गाडी चालण्यापुरतं बरोबर येतं. स्ट्रोब हवाच, पण तो वेगळ्या कामासाठी: वजनं उघडतात का ते बघायला. डिस्ट्रिब्यूटरला व्हॅक्यूमची डबी (इंजिनच्या ओढीने टायमिंग सरकवणारी) असेल तर नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडल सातशे-आठशेवर आणा आणि मग हळूहळू रेस वाढवत पुलीवरची रेघ बघा. ती एकसारखी सरकत जायला हवी आणि तीन हजारांच्या आसपास पोचेपर्यंत बरीच पुढे गेलेली असावी. रेघ जागची हललीच नाही तर वजनं जुन्या ग्रीसमध्ये चिकटलीत. रेस सोडल्यावर रेघ परत आली नाही तर स्प्रिंग ढिली आहे, आणि तुमच्या टकटकीचं ते दुसरं संभाव्य कारण. आयडलवरचं टायमिंग बरोबर, पण एकदा पुढे गेलेलं मागे यायला तयार नाही. अशी गाडी गरम असताना बंद केली की पुढच्या सेल्फला उलटा झटका देते. शेवटी गाडी चढावर न्या, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. जराशी टकटक आली तरी एक-दोन अंश मागे घ्या, आणि पुन्हा न्या.

करंटचा भाग मी मागे ठेवला, कारण तुमच्याकडे दोन्ही भाग नुकतेच बदललेत. पण नवं म्हणजे चांगलं असं समजू नका, विशेषतः कंडेन्सरच्या बाबतीत. पेट्रोल पोचतंय आणि तरी गाडी उठत नाही असं असेल, तर कॉइलच्या जाड वायरला एक जुना प्लग लावून तो ब्लॉकवर ठेवा आणि सेल्फ मारा. हे मात्र कार्बोरेटरपासून लांब, एअर फिल्टर परत बसवून. निळी, कडक, टच्च आवाजाची ठिणगी हवी. पिवळट, केसासारखी असेल तर डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढून सेल्फ मारताना पॉइंटकडे बघा: तिथे मोठ्या निळ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतोय. बदलायला स्वस्त, पण आज बाजारात मिळणारे कित्येक जेमतेम चालतात. मेस्त्रींनी काढलेला जुना कंडेन्सर अजून त्यांच्याकडे पडलेला असेल तर तो मागून घ्या.

कॉइलची गोष्ट निराळी. किल्ली बंद ठेवून, दोन्ही वायरी काढून तिच्या दोन बारीक टर्मिनलांमधला रोध मोजा. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादेत ठेवणारा वेगळा रोध) नसलेल्या बारा व्होल्टच्या गाडीला साधारण तीन ओहमची कॉइल लागते. दुकानदार दीड ओहमची देतो, दिसायला दोन्ही सारख्याच. ती रेझिस्टरशिवाय लावली तर चारऐवजी आठ अँपिअर ओढते, हात लावता येणार नाही इतकी तापते, पॉइंट जाळते आणि गरम झाली की ठिणगी मरते. तुमची तक्रार नव्या कॉइलनंतर वाढली असेल तर हे पहिल्यांदा मोजा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे तीन ओहमची चांगली कॉइलही गरम असताना साडेतीन-पावणेचार दाखवेल. त्याला घाबरायचं कारण नाही. मीटर अनंत दाखवू लागला किंवा आकडा उड्या मारू लागला तर कॉइल गेली.

आणि एक मिलिव्होल्टची चाचणी, जी फारसं कुणी करत नाही. पॉइंट मिटलेले, किल्ली चालू, मीटर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलवर आणि इंजिनवर. जवळपास शून्य यायला हवं. पाव व्होल्टच्या वर गेलं तर पॉइंट काळे पडलेत किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या आतली, प्लेटला अर्थ देणारी ती बारीक विणलेली वायर तुटत आलीय. बाहेरून ती धड दिसते. बोटाने ओढून बघा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनबद्दल: बसवा, पण हे सगळं झाल्यावर. पॉइंटच्या जागी बसणारं मॉड्यूल गॅप झिजण्याचा प्रश्न कायमचा मिटवतं, सेल्फ जड फिरत असतानाही ठिणगी बरी ठेवतं. सांडणारं पेट्रोल ते थांबवत नाही, चिकटलेली वजनं सोडवत नाही. बुश फार गेलेला असेल तर त्याचाही सेन्सर हलतोच. मॉड्यूल घेताना तुमच्या कॉइलचा ओहम त्याला चालतो का ते विचारा, चुकीच्या कॉइलवर ते गरम होऊन जळतं, आणि जळतं तेव्हा आधी कसलीही सूचना देत नाही. पॉइंट निदान घासून घरी आणतात. म्हणून मॉड्यूल बसवलंत तरी काढलेले पॉइंट आणि चालू कंडेन्सर त्याच प्लेटसकट ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, सोबत एक बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि ०.४० ची पट्टी.